गोव्याच्या दमट हवेसाठी गिटारचा नेक: लाकूड निवडीचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातील एका लहान कार्यशाळेकडे 2022 च्या एप्रिल महिन्यात गोव्यातील एका व्यावसायिक गिटारवादकाने आपल्या इलेक्ट्रिक गिटारसाठी नवा नेक, म्हणजे तारा दाबताना हातात धरायची लांब दांडी, करून मागितला. गिटारची बॉडी, पिकअप आणि ब्रिज उत्तम अवस्थेत होते आणि त्याला ते बदलायचे नव्हते. नेक बोल्टने जोडला जाणारा, 648 मिलीमीटर स्केलचा (म्हणजे तारेच्या वाजत्या लांबीचा) आणि 22 फ्रेटचा, म्हणजे सुरांच्या जागा ठरवणाऱ्या धातूच्या 22 आडव्या तारांचा, हवा होता. कार्यशाळेत दोघेच काम करतात. एक वाद्यनिर्माते आहेत आणि दुसरे वयाने बरेच ज्येष्ठ मिस्त्री, ज्यांचे निम्मे आयुष्य फर्निचर आणि जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीत गेले आहे. संबंधितांची ओळख पटेल असे तपशील येथे गाळले आहेत. लाकडाच्या निवडीच्या चर्चेत प्रस्तुत लेखक सुरुवातीपासून सहभागी होता, आणि मोजमापांच्या नोंदी कार्यशाळेने ठेवलेल्या वहीतून घेतल्या आहेत.

वादकाच्या कामाचे स्वरूप या प्रकरणात महत्त्वाचे आहे. तो पणजीजवळ राहतो. हंगामात लग्नसमारंभ, हॉटेले आणि फेस्ताचे कार्यक्रम करतो. म्हणजे एका संध्याकाळी गिटार समुद्रकाठच्या उघड्या मंचावर असते आणि दुसऱ्या संध्याकाळी वातानुकूलित सभागृहात. वर्षातले काही महिने तो प्रवासी जहाजावर वादक म्हणून काम करतो, तेव्हा हेच वाद्य देशोदेशीच्या बंदरांतून फिरते.

त्याच्या जुन्या नेकचे लाकूड हार्ड मेपल होते आणि फिंगरबोर्ड, म्हणजे नेकवर चिकटवलेली फ्रेटची फळी, शिसवाचा. नेकच्या मागच्या बाजूला हाताला मऊ लागावे म्हणून केवळ तेलाचा पातळ हात दिलेला होता. दर पावसाळ्यात नेक पुढे वाकत असे, तारा फिंगरबोर्डपासून वर उचलल्या जात आणि ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली वाक सुधारणारी धातूची सळई, आवळावा लागे. डिसेंबर-जानेवारीत, वातानुकूलित जागांतले कार्यक्रम वाढले की, फ्रेटची टोके कडेने बाहेर येऊन तळहाताला बोचत. अनेक वर्षांच्या आवळण्याने ट्रस रॉडचा नट जवळजवळ शेवटाला पोहोचला होता.

समस्या

वादकाने स्वतःच निदान करून आणले होते. "दादा, या वेळी एबनीच लावा, शिसवाचा अनुभव घेऊन झाला," असे त्याने फिंगरबोर्डसाठी एबनी हे काळे लाकूड सुचवत पहिल्याच भेटीत सांगितले. नेकसाठी मात्र त्याला पुन्हा मेपलच हवे होते, कारण 1950 पासून फेंडर या अमेरिकन कंपनीच्या गिटारींनी जो तडफदार आवाज घराघरांत पोहोचवला, तो मेपलच्या नेकचा आहे, अशी त्याची खात्री होती. त्या पहिल्या गिटारींचा नेक मेपलच्या एकाच तुकड्याचा असे आणि त्याला वेगळा फिंगरबोर्ड नसे. शिसवाचा फिंगरबोर्ड फेंडरने 1958 मध्ये जॅझमास्टर या गिटारवर आणला आणि पुढच्या वर्षी स्ट्रॅटोकास्टरवरही तो आला.

निदानाकडे वळण्यापूर्वी लाकूड आणि हवा यांचे नाते आकड्यांत पाहणे आवश्यक होते. लाकूड 40 टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेत दीर्घकाळ राहिले, तर त्यातील पाण्याचे प्रमाण 7 ते 8 टक्क्यांवर स्थिरावते. 65 टक्के आर्द्रतेत ते 12 टक्क्यांच्या आसपास राहते आणि 85 टक्क्यांत 17 ते 18 टक्क्यांपर्यंत चढते. पुण्याचा मे महिना पहिल्या अवस्थेपेक्षाही कोरडा असू शकतो, आणि गोव्याचा जुलै तिसऱ्या अवस्थेत असतो. पाणी घेताना आणि सोडताना लाकूड सर्व दिशांनी सारखे हलत नाही. पूर्ण ओल्या अवस्थेपासून पूर्ण कोरडे होईपर्यंत हार्ड मेपल वर्षवलयांच्या वळणाच्या दिशेने सुमारे 9.9 टक्के आकसते, तर गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने 4.8 टक्के. शिसवासाठी हेच आकडे अनुक्रमे 5.9 आणि 2.7 आहेत, सागासाठी 5.3 आणि 2.6. लांबीच्या दिशेने बहुतेक सरळ रेषांचे लाकूड एक-दोन दशांश टक्केच हलते.

यातून दोन वेगवेगळे दोष निघतात, आणि या प्रकरणात ते एकमेकांत मिसळले गेले होते.

पहिला दोष फ्रेटच्या टोकांचा. फ्रेटची धातूची तार आकसत नाही, फिंगरबोर्डची रुंदी मात्र आकसते. शेवटच्या फ्रेटजवळ फिंगरबोर्ड साधारण 56 मिलीमीटर रुंद असतो. त्यातील पाणी 14 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर आले आणि फळीची वलये तिच्या रुंद बाजूला उभी असली, तर शिसवाची रुंदी मिलीमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास घटते. वलये रुंद बाजूला आडवी पसरलेली असली, तर तीच घट 0.7 मिलीमीटरपर्यंत जाते. लाकूड तेच, झाड तेच, फरक केवळ करवतीच्या दिशेचा, आणि हालचाल दुप्पट. जुन्या गिटारचा नट (नेकच्या डोक्याजवळ तारा टेकतात ती छोटी पट्टी) काढून फिंगरबोर्डचे टोक भिंगाखाली पाहिले, तेव्हा वलये जवळजवळ पूर्ण आडवी दिसली. शिसवावरचा आरोप तेथेच बराचसा गळून पडला. एबनी आकसण्याच्या बाबतीत शिसवापेक्षा पुष्कळ पुढे आहे. वादकाची मागणी जशीच्या तशी मान्य केली असती, तर त्याची तक्रार वाढण्याचीच शक्यता अधिक होती.

दुसरा दोष नेक वाकण्याचा, आणि तो समजायला थोडा अवघड आहे. नेक आणि फिंगरबोर्ड ही एकमेकांना चिकटवलेली दोन लाकडे आहेत. त्यांपैकी एक दुसऱ्यापेक्षा लांबीत किंचित जास्त वाढले, तर जोड वाकणारच. एकूण 20 मिलीमीटर जाडीच्या अशा जोडात लांबीचा फरक दहा हजारांत एक भाग इतका जरी पडला, तरी 400 मिलीमीटरच्या अंतरावर मधला भाग दशांश मिलीमीटरहून थोडा जास्त वाकतो. गिटारच्या रिलीफचे, म्हणजे तारेखाली नेकला मुद्दाम ठेवलेल्या खोलगटपणाचे, नेहमीचे माप पाव मिलीमीटरच्या आसपास असते. म्हणून इतका सूक्ष्म फरकही बोटांना लगेच कळतो. जुन्या नेकमध्ये उघडे, पातळ तेल दिलेले मेपल पावसाळ्यात झपाट्याने पाणी घेत होते आणि तेलकट शिसव त्यामानाने सावकाश. मागची बाजू पुढच्या बाजूपेक्षा लांब होत होती आणि नेक तारांच्या दिशेने ओढला जात होता. तारांचा एकत्रित ताण, जो 10–46 जाडीच्या तारांच्या संचात 45 किलोच्या आसपास असतो, त्यात भर घालत होता.

नेकसाठी विचारात घेतलेली लाकडे

पहिला पर्याय अर्थातच हार्ड मेपलचा होता. त्याची घनता घनमीटरला सुमारे 705 किलो, ताठपणा उत्तम, आणि कडक असल्यामुळे मागच्या बाजूला खाचखळगे पडत नाहीत. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये आयात केलेले मेपल मिळते. पण जे मिळाले ते बहुतेक आडव्या वलयांचे होते, आणि उभ्या वलयांची पुरेशी रुंद फळी एकाही वखारीत नव्हती. मेपलला पाण्याची ओढ आहे आणि ते आकसतेही जास्त, म्हणून गोव्यासाठी ते घ्यायचे तर काप निवडूनच घ्यायला हवे होते.

भाजलेल्या मेपलचा विचार गांभीर्याने झाला. प्राणवायू कमी असलेल्या भट्टीत मेपल 160 अंश सेल्सिअसच्या वर तापवले की, त्यातील पाणी धरून ठेवणारे घटक मोडतात आणि नंतर ते लाकूड दमट हवेतही कमी पाणी घेते. गोव्याच्या हवेसाठी हा पर्याय कागदावर सर्वांत योग्य होता. अडचणी दोन होत्या. ते परदेशातून मागवावे लागणार होते, त्यामुळे वलये पाहून तुकडा निवडण्याची सोय नव्हती. आणि भाजल्याने लाकूड ठिसूळ होते, त्यामुळे बोल्टने जोडल्या जाणाऱ्या नेकच्या टाचेत, म्हणजे बॉडीत बसणाऱ्या टोकात, स्क्रू आवळताना चीर जाण्याचा धोका वाढतो. किंमतही कित्येक पट होती, मात्र निर्णय किमतीवर झाला नाही.

महोगनी फार काळ चर्चेत राहिले नाही. भारतात लावलेल्या झाडांचे महोगनी मिळते, ते कमी हलते आणि तासायला सुखाचे आहे. परंतु 648 मिलीमीटरच्या लांब आणि सडपातळ नेकसाठी ते मऊ आणि कमी ताठ ठरले. कार्यशाळेने समान मापाचे तुकडे दोन टेकूंवर ठेवून मध्ये वजन टांगले आणि वाक मोजला, तेव्हा महोगनीचा तुकडा मेपलपेक्षा स्पष्टपणे जास्त वाकला.

त्याच चाचणीत चौथा तुकडा मेपलच्या अगदी जवळ आला. तो सागाचा होता.

साग मिस्त्रीकाकांनी सुचवला. एका जुन्या वाड्याच्या पाडकामातून निघालेली तुळई त्यांच्या ओळखीच्या ठेकेदाराकडे पडून होती. तुळईचा फायदा असा की, ती झाडाच्या मधल्या भागाची असते. गाभ्याच्या दोन्ही बाजूंनी फळ्या काढल्या, तर त्यांत वलये आपोआप उभी येतात. सागाची घनता मेपलपेक्षा थोडी कमी, सुमारे 655 किलो. ताठपणा मेपलच्या तोडीचा. आकसणे मेपलच्या जवळपास निम्मे, आणि आकसण्याचे प्रमाण शिसवाशी जुळणारे. या शेवटच्या गोष्टीला प्रस्तुत लेखकाने सर्वांत जास्त वजन दिले, कारण जुन्या गिटारचा मूळ रोग दोन लाकडांच्या न जुळणाऱ्या वागण्यात होता.

"वाड्यात होता तेवढी वर्षं हलून झालाय हा, आता कुठं हलतोय?" असे काकांचे म्हणणे होते. त्यातला अर्धा भाग खरा आहे. दीर्घकाळ सावकाश वाळलेल्या लाकडातील आतले ताण निवलेले असतात, आणि करवतीखाली ते अचानक वेडेवाकडे होत नाही. परंतु हवेतून पाणी घेणे आणि सोडणे हा लाकडाचा गुण जुनेपणाने संपत नाही. काही दिवस दमट कपाटात ठेवल्यावर सागाच्या तुकड्याचे वजन वाढलेच. मेपलपेक्षा कमी वाढले, एवढेच. हा फरक नीट मांडणे गरजेचे होते, कारण जुने लाकूड म्हणजे निश्चल लाकूड या समजुतीवर नेक बनवला असता, तर पुढच्या सर्व पायऱ्या ढिल्या पडल्या असत्या.

तीन पट्ट्या चिकटवून केलेल्या नेकचा पर्यायही पुढे आला होता. तो लवकर मागे पडला. त्याविषयी शेवटी लिहिले आहे.

फिंगरबोर्डची निवड

एबनीचा प्रश्न आकसण्याच्या आकड्यांनी निकालात काढला होता, तरी वादकाला काळा रंग आवडत होता. आपल्याकडच्या तेंदूच्या झाडातही काळा गाभा असतो. पण विडीच्या पानांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या झाडातून फिंगरबोर्डच्या मापाचा निर्दोष काळा तुकडा मिळणे दुर्मीळ आहे. पाऊ फेरो हे दक्षिण अमेरिकेतले लाकूड गुणांनी शिसवाच्या जवळ जाते. मात्र त्याच्या भुशाने काही कारागिरांच्या त्वचेला त्रास होतो आणि लहान, बंदिस्त कार्यशाळेत तो धोका घेण्याचे कारण नव्हते. मेपलच्या फिंगरबोर्डवर वार्निशचा थर लागतो, आणि घामाने तो थर झिजला की लाकूड मळकट, राखाडी होते. समुद्रकाठी रोज वाजवणाऱ्यासाठी ते योग्य नव्हते.

शिसवच राहिले, पण उभ्या वलयांचे. घनता सुमारे 830 किलो, कठीणपणा मेपलहून पुष्कळ जास्त, अंगातच तेल, आणि कोणताही थर न देता वापरता येण्याजोगे.

येथे कायद्याचा मुद्दा टाळता येत नाही, विशेषतः वाद्य परदेशी बंदरांत जाणार असताना. 2 जानेवारी 2017 पासून शिसवाच्या संपूर्ण प्रजातीवर साइट्स या, धोक्यातील प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे निर्बंध लागू झाले आणि तयार वाद्यांनाही कागदपत्रे लागू लागली. जगभरच्या वादकांना आणि निर्मात्यांना त्याचा त्रास झाल्यावर 2019 मध्ये जिनिव्हातील बैठकीत तयार वाद्ये, त्यांचे तयार भाग आणि उपसाधने वगळण्यात आली. ती सवलत 26 नोव्हेंबर 2019 पासून लागू आहे. ब्राझीलच्या शिसवाला ती नाही. ते 1992 पासून सर्वांत कडक यादीत आहे. कच्च्या तुकड्यांची गोष्ट निराळी. 2011 मध्ये अमेरिकेत गिब्सन या गिटार कंपनीच्या कारखान्यांवर पडलेल्या छाप्यांत भारतातून गेलेले शिसवाचे फिंगरबोर्डचे तुकडे जप्त झाले होते, आणि वाद तुकड्याची जाडी व तयारी भारताच्या निर्यात नियमांत बसते की नाही, याच्याशी जोडलेला होता. 2012 च्या तडजोडीनंतर ते लाकूड कंपनीला परत मिळाले. या इतिहासामुळे कार्यशाळेने दोन गोष्टी ठरवल्या. शिसव बिल देणाऱ्या वखारीतूनच घ्यायचे. आणि वाद्यासोबत एक पत्र द्यायचे, ज्यात लाकडाचे शास्त्रीय नाव डालबर्जिया लॅटिफोलिया, खरेदीचा तपशील आणि फिंगरबोर्डचे वजन असेल. ते वजन सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरले. पत्र कायद्याने सक्तीचे नव्हते, पण बंदरावरच्या अधिकाऱ्याला तोंडी समजावण्यापेक्षा ते बरे.

प्रत्यक्ष कृती

पहिला खरा निर्णय लाकडाचा नसून वेळेचा होता. वादकाला नेक ऑक्टोबरच्या आरंभी, हंगामापूर्वी हवा होता. मे महिन्यातल्या पुण्याच्या कोरड्या हवेत काम पुरे करून देता आले असते; पण 7 टक्के पाण्यावर बेतून बनवलेला नेक गोव्यात गेल्यावर फुगला असता, फ्रेटच्या खाचा आवळल्या गेल्या असत्या आणि फिंगरबोर्डची बाजू ताणून नेक मागे वाकला असता. लाकूड जितके कोरडे तितके चांगले, हा नियम फर्निचरच्या दुकानात ठीक आहे. वाद्यासाठी, ते जिथे राहणार आहे तिथल्या वर्षभराच्या मधल्या पातळीवर लाकूड आणून मगच शेवटची मापे घ्यावीत, असे ठरले. गोव्यासाठी ती पातळी 12 टक्के धरली. मे महिन्यात फळ्या जाडसर कापून, टोकांना मेण लावून, खालून-वरून हवा खेळेल अशा मांडणीवर ठेवल्या. पावसाळाभर त्या तशाच राहिल्या. ऑक्टोबरच्या मध्यात आर्द्रतामापकाने साग आणि शिसव दोन्ही 12 च्या आसपास दाखवले, तेव्हा रंधा हातात घेतला. तोपर्यंत वादकाचा जुना नेक फ्रेट समपातळीत घासून आणि टोके कानसून चालता ठेवण्यात आला. त्याला हा विलंब आवडला नव्हता, आणि त्याची नाराजी रास्त होती.

तुळईतून नेकच्या मापाच्या चार फळ्या निघाल्या होत्या. पहिली फळी तासताना टाचेपासून बोटभर अंतरावर रंध्याखाली निळसर काळा डाग उमटला. लोखंड आणि लाकडातील टॅनिन यांच्या संयोगाने असा डाग पडतो, म्हणजे तेथे कधीकाळी खिळा होता. खिळा नव्हता, त्याचे भोकही बुजलेले होते. काकांनी डागावर पाण्याचा हात फिरवला आणि उजेडात फळी तिरपी धरली. ओल सुकत असताना भोकापासून टाचेकडे जाणारी केसाएवढी रेष सर्वांत शेवटपर्यंत गडद राहिली. चीर होती. वाद्यनिर्मात्यांचे मत ती पातळ इपॉक्सीने भरून पुढे जावे असे होते, कारण चीर वरून दिसणार नव्हती आणि त्या फळीवर बरेच काम झाले होते. काकांनी साफ नकार दिला. ती जागा नेमकी बोल्ट बसण्याची होती. तारांचा सगळा ताण ज्या चार बिंदूंवर येतो, त्यांतल्या एकाखाली भरलेली चीर ठेवणे त्यांना मान्य नव्हते. फळी बाजूला काढली आणि दुसरी घेतली. प्रस्तुत लेखकाच्या मते संपूर्ण कामातला हा सर्वांत मोलाचा निर्णय होता, आणि तो कोणत्याही आकडेवारीवरून घेतलेला नव्हता.

चिकटवण्यासाठी पांढरा गोंद नाकारला. त्यातले पाणी जोडाच्या दोन्ही पृष्ठभागांत शिरून नेक मागे वाकवते, आणि सततच्या ताणाखाली तो सावकाश सरकतो. सावकाश घट्ट होणारे इपॉक्सी वापरले. साग आणि शिसव दोन्ही तेलकट असल्याने चिकटवण्याच्या काही मिनिटे आधी पृष्ठभाग अ‍ॅसिटोनने पुसले; हे काम आदल्या दिवशी करून उपयोग नाही, कारण तेल पुन्हा वर येते. सागात वाळूसारखी सिलिका असते, तिने पटाश्यांची धार वारंवार जात होती. ट्रस रॉड दोन्ही दिशांनी काम करणारा घेतला. टाचेत लाकडी स्क्रूऐवजी पितळी आट्यांच्या नळ्या बसवल्या, कारण साग मेपलपेक्षा मऊ आहे आणि वारंवार काढ-घाल झाली तर भोके सैल होतात.

नेकच्या मागच्या बाजूला उघडा स्पर्श हवा, हा वादकाचा आग्रह होता. त्यावर तडजोड अशी झाली की पॉलियुरेथेनचे पातळ थर संपूर्ण नेकला द्यायचे, टाचेच्या आणि डोक्याच्या टोकांना, जिथून लाकूड सर्वांत जास्त पाणी ओढते तिथे, एक थर अधिक द्यायचा, आणि वाळल्यावर मागची बाजू बारीक कागदाने घासून चमक पूर्ण घालवायची. नोव्हेंबरच्या अखेरीस नेक बसवून दिला.

परिणाम

देताना आठव्या फ्रेटजवळ रिलीफ 0.20 मिलीमीटर होता. पुढच्या जुलैत वादकाने गोव्यातून मोजून कळवलेला आकडा 0.30 च्या जवळ होता. त्याने ट्रस रॉड एकदाच, पाव वळसा फिरवला. जुन्या नेकला प्रत्येक पावसाळ्यात अनेकदा हात लावावा लागे. त्यानंतरच्या जानेवारीत वरच्या काही फ्रेटची टोके हाताला जाणवू लागली, म्हणजे तो दोष पूर्ण गेला नाही, परंतु एका बैठकीत हलकी कानस फिरवून काम भागले. जहाजावरच्या महिन्यांत नेक जवळजवळ स्थिर राहिला. तिथली हवा वर्षभर एकसारखी राखलेली असते, त्यामुळे हे अपेक्षितच होते.

आवाजाबद्दल वादकाचे मत असे की, सुरांची पहिली धार मेपलपेक्षा किंचित मऊ आहे आणि त्याला ती लग्नाच्या मंचापेक्षा हॉटेलात जास्त आवडते. त्याच्या जुन्या नेकवर तिसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटजवळचा सूर लवकर विरत असे. असे मृत बिंदू नेकच्या स्वतःच्या कंपनांमुळे पडतात. तारेच्या सुराची वारंवारता नेकच्या कंपनाशी जुळली की तारेची ऊर्जा नेकमध्ये वाहून जाते. म्युनिकमध्ये हेल्मुट फ्लायशर यांनी 1990 च्या दशकात याचा पद्धतशीर अभ्यास केला आहे. नव्या नेकवर तो बिंदू एका फ्रेटने सरकला, नाहीसा झाला नाही. लाकूड बदलल्याने मृत बिंदू जातात असे गिटारवादकांत बोलले जाते. येथे तसे दिसले नाही.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी उणीव अशी की, एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या गेल्या: नेकचे लाकूड, दोन्ही लाकडांचा काप, काम करतानाची पाण्याची पातळी, आणि मागच्या बाजूचा थर. सुधारणा झाली हे निश्चित, परंतु तिचे श्रेय सागाला किती आणि उभ्या वलयांना किती, हे या एका नेकवरून सांगता येत नाही. प्रस्तुत लेखकाचा कल असा की निम्म्याहून अधिक श्रेय काप, पातळी आणि थराचे आहे, आणि उभ्या वलयांचे, 12 टक्क्यांवर आणलेले, नीट बंद केलेले मेपल याच्या फार मागे राहिले नसते. हा कल मोजमापाने तपासायला हवा होता. एकाच हवेत, एकाच मापाचा मेपलचा नेक फिंगरबोर्डसह बनवून केवळ फळीवर टांगून ठेवला असता, तरी पुरे होते. वादकाकडून त्याचे पैसे मागता आले नसते, म्हणून तो खर्च कार्यशाळेने स्वतः उचलायला हवा होता.

तीन पट्ट्यांचा नेक घाईने नाकारला गेला. कारण असे दिले गेले की, चिकटवण्याच्या रेषा ग्राहकाला आवडणार नाहीत. प्रत्यक्षात वादकाला तो पर्याय दाखवलाच नाही. वखारीत मिळणारे आडव्या वलयांचे मेपल पट्ट्यांत चिरून, प्रत्येक पट्टी कुशीवर उभी करून चिकटवली, तर वलये उभी होतात, आणि पट्ट्या आलटून-पालटून लावल्यास त्यांच्या वाकण्याचा कल एकमेकांना अडवतो. चांगली रुंद फळी मिळत नाही ही अडचण यातून सुटली असती, वादकाला त्याचे मेपलही मिळाले असते, आणि जुन्या सागाच्या खिळ्यांचा प्रश्नच उद्भवला नसता.

खिळ्यांबाबतही क्रम चुकीचा होता. धातुशोधक फळ्या कापण्यापूर्वी फिरवला गेला, आणि त्याने उरलेले खिळे दाखवले. काढून टाकलेल्या खिळ्यांची भोके त्याला दिसणे शक्य नव्हते. तुळई पाडकामातून येते तेव्हा तिच्यावर वासे कुठे ठोकले होते याच्या खुणा वरच्या बाजूला दिसतात. त्या खुणांपासून टाचेची आणि डोक्याची जागा दूर राहील अशी आखणी आधी केली असती, तर एक फळी आणि काही दिवसांचे काम वाचले असते.

वादकाने जुलै आणि जानेवारीत मोजमापे कळवली, हे त्याच्या चिकाटीमुळे झाले. तशी व्यवस्था कोणी लावली नव्हती. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि आर्द्रता दाखवणारा लहान काटा वाद्यासोबत पेटीत दिला असता, तर वर्षभराची रेषा हाती आली असती. आता आहेत ते तीन बिंदू.

तुळईच्या उरलेल्या फळ्यांपैकी दोन निर्दोष आहेत. कार्यशाळेने मेपलच्या पट्ट्यांचा एक नेक आणि त्यांतल्या एका फळीचा नेक, दोन्हींवर एकाच तुकड्यातून काढलेला शिसवाचा फिंगरबोर्ड लावून, शेजारी-शेजारी ठेवण्याचे ठरवले आहे, आणि दर महिन्याला दोन्हींचे वजन व वाक त्याच वहीत लिहिले जाणार आहे.